दोन नंबरचा क्वार्टरबॅक

एका माणसाने कुणालाही कळू न दिलेली गोष्ट मी त्याच्या बायकोला फोनवर सांगितली. मदत करतोय असं समजून सांगितली. त्याला आता दोन वर्षं होत आली. तो माणूस कतार सोडून गेला. त्याच्याबद्दल लिहावं असं कितीदा मनात आलं, पण लिहायचं तर आधी स्वतःची चूक लिहावी लागणार, म्हणून राहून जात होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोह्यात बिन महमूदमधल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये काम करतो. शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. वडील मोंढ्यात हमाल होते. संध्याकाळी घरी आले की सतरंजीवर पालथे पडायचे आणि मी त्यांच्या पाठीवरून चालायचो. कुठे पाय दिला की ते 'हां, तिथंच' म्हणतात हे मला पाठ झालं होतं. पुढे कॉलेजात त्या जागांची लॅटिन नावं कळली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती मिळावी म्हणून गावातल्या कितीतरी लोकांनी हात लावला, कुणी पुस्तकं दिली, कुणी हॉस्टेलवर डबा पाठवला. त्यातलं काही मी विसरलेलो नाही. कदाचित त्यामुळेच कामात चूक झाली की मला इतरांपेक्षा जास्त लागते.

तो पहिल्यांदा आला तेव्हाही एक चूक झालीच होती. फाइलवर लिहिलं होतं: माजी व्यावसायिक फुटबॉलपटू, उजव्या खांद्याचं ऑपरेशन. मी खांद्याच्या आधी त्याचे गुडघे तपासले. मग विचारलं, "गोलकीपर होतात का?"

"क्वार्टरबॅक," तो म्हणाला.

मी मान डोलावली. तो माझ्याकडे बघत राहिला. उंच, पन्नाशीच्या अलीकडचा अमेरिकन माणूस, केस पांढरे होऊ लागलेले. "तुला ठाऊक नाही ना?" त्याने विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण मला ते आठवतं तसं, म्हणजे मराठीतच आठवतं.

"नाही," मी कबूल केलं.

मग त्याने व्यायामाचे प्लॅस्टिकचे शंकूसारखे कोन डाव्या हाताने उचलले आणि फरशीवर समोरासमोर दोन ओळींत मांडले. त्यांचा फुटबॉल लंबगोल असतो, पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. डाव सुरू झाला की चेंडू मागे उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात येतो. समोरून धिप्पाड माणसं त्याला पाडायला धावत येतात. त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात आपले गडी कुठे पळतायत ते बघायचं, एकाला निवडायचं आणि तो जिथे पोचणार आहे तिथे चेंडू आधीच फेकायचा. तो माणूस क्वार्टरबॅक.

"मी मात्र बहुतेक वेळ इथे असायचो," तो म्हणाला आणि एक कोन उचलून त्याने दूर भिंतीपाशी ठेवला. प्रत्येक संघात एक मुख्य क्वार्टरबॅक असतो आणि एक राखीव. राखीव माणसाने सगळे डाव पाठ करायचे, सराव करायचा, आणि सामन्यात रेषेबाहेर हातात पाटी धरून उभं राहायचं. मुख्य माणूस जखमी झाला तरच आत जायचं. "आठ वर्षं व्यावसायिक खेळलो. आठही वर्षं दोन नंबर."

हे मी आमच्या सिस्टरना सांगितलं. सिस्टर म्हणजे वसईच्या कॅथलिक बाई, क्लिनिकमधल्या सर्वांत जुन्या नर्स. मला धाकट्या भावासारखं वागवतात, म्हणजे दिवसभर बोलतात. त्यांना ते फारच आवडलं.

"दोन नंबर? मग काय, ब्लॅकचा धंदा होता का त्याचा?"

तेव्हापासून तो दिसला की त्या मराठीत हाक मारायच्या, "जा रे, तुझा दोन नंबरवाला आलाय." तो हसून त्यांना हात करायचा. आपलं नाव असं काहीतरी असेल असं त्याला वाटत असावं.

तो मंगळवारी आणि गुरुवारी यायचा. आधी व्यायाम, मग खांद्याला मशीन लावून वीस मिनिटं पडून राहणं. एक व्यायाम संपला की स्वतःच 'खलास' म्हणायचा, हा शब्द तो इथेच शिकला होता. वीस मिनिटांत बोलायचा. मी शेजारी फाइल लिहीत बसायचो. त्याच्या घराची गोष्ट मला अशी तुकड्यातुकड्यांनी कळली.

आजोबा कागदाच्या कारखान्यात कामाला होते आणि कारखान्याच्या संघातून खेळायचे. दोन बोटं यंत्रात गेल्यावरही खेळत राहिले. वडील गावच्या शाळेत फुटबॉलचे प्रशिक्षक. तेवढ्यावर भागत नसे म्हणून सकाळ-संध्याकाळ शाळेची बसही चालवायचे. मैदानावरचं गवत तेच कापायचे आणि रेषाही तेच मारायचे. हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. आमच्या शाळेत खो-खोच्या मैदानावर फक्की मारायचं काम माझ्याकडे होतं. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून त्यातून फक्की सोडायची, सुतळी ताणून तिच्या कडेने मागे मागे चालत जायचं. मी त्याला हे सांगितलं तर त्याने विचारलं, "वारा आला तर?"

"तर डोळ्यांत."

"आमच्याकडेही," तो म्हणाला.

आई सगळ्या संघाचे कपडे घरी धुवायची. मोठा भाऊ याच्यापेक्षा चांगला खेळायचा, पण शाळा संपली तसा कारखान्यात लागला, आणि वडिलांचं सगळं लक्ष धाकट्यावर आलं. ते परसात पाण्याने भरलेली बादली ठेवायचे. चेंडू बादलीत बुडवायचा आणि ओला, निसरडा तसाच फेकायला लावायचे. पावसात सामना असला तर सबब नको म्हणून. शेजारी त्याला हसायचे. त्या ओल्या चेंडूवर त्याला कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. भूगोलाची पदवी घेतली. त्यांच्या घरातलाही तो पहिलाच पदवीधर होता. हे त्याने सांगितलं तेव्हा मी उगाचच खुर्ची पुढे ओढली.

पुढे तीन संघांत राहिला. संघातून काढायचं असलं की सकाळी फोन येतो: साहेबांनी बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. वही सोबत आणायला सांगितली की समजायचं, ती परत घेणार आहेत. त्याला असा फोन तीन वेळा आला. तिसऱ्यांदा त्याने वही आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवली होती.

एका मोसमात मुख्य खेळाडूचा पाय मोडला आणि हा काही सामने खेळला. त्यातल्या एकात डोकं आपटलं. तरी उठला आणि शेवटपर्यंत खेळला. "त्या सामन्याचा उत्तरार्ध मला आठवत नाही. नंतर फिल्म बघितली. चांगला खेळलोय मी त्यात," तो म्हणाला.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं शाळांमधून शिकवलं आणि मग बायको आणि मुलीला घेऊन दोह्याला आला. इथल्या एका अमेरिकन शाळेत भूगोल शिकवायचा, मुलांना पोहायला नेणाऱ्या शिक्षकांतही होता. शुक्रवारी सकाळी एका बागेत हौशी लोकांना फुटबॉल शिकवायचा, त्यातच खांदा गेला.

त्याच्या डाव्या मनगटावर शर्टाच्या लांब बाहीखाली एक रुंद काळा पट्टा असायचा. पट्ट्याला पारदर्शक खिडकी आणि आत बारीक अक्षरांत लिहिलेला कागद. बाही वर सरकली की तो पटकन खाली ओढायचा. एकदा मी विचारलं. तो म्हणाला, क्वार्टरबॅकची सवय. डाव शंभर असतात आणि नावं लांबलचक. हेल्मेटमधल्या स्पीकरवर प्रशिक्षक नुसता आकडा सांगतो. क्वार्टरबॅकने मनगटावर तो आकडा शोधायचा, पुढचं नाव वाचायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. डाव सुरू करायला पंधरा सेकंद उरले की कानातला आवाज आपोआप बंद होतो. पुढचं सगळं तुमचं तुम्ही.

"आणि आता त्यात काय लिहिता?"

"किराणा," तो म्हणाला.

मला ते पटलं. माझ्या आईला लिहिता येत नाही. काही लक्षात ठेवायचं असलं की ती पदराला गाठ मारते. बाजाराच्या दिवशी दोन-तीन गाठी असायच्या आणि मग ती ओट्यावर बसून एकेक गाठ चाचपत म्हणायची, "ही कशाची रे?" आम्ही भावंडं वाट्टेल ते सांगायचो. ही जिलबीची. ही सर्कसची. तो पट्टा बघून मला त्या गाठी आठवल्या आणि मी पुढे काही विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. तो बादलीची गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागला, त्याच शब्दांत. आठ आठवडे रोज करत असलेला व्यायाम मध्येच थांबून 'पुढे काय' म्हणू लागला. एकदा हात धुवायला गेला आणि परत येताना शेजारच्या खोलीत, दुसऱ्याच पेशंटच्या पलंगावर जाऊन बसला. पडदा सारून सिस्टरनी त्याला हाताला धरून आणलं. "यल्ला, चला, आपलं घर हे," त्या म्हणाल्या. तो हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्याच दिवशी मशीन लावल्यावर तो वडिलांच्या शेवटच्या वर्षांबद्दल बोलला. वडिलांची आठवण हळूहळू गेली. शेवटी ते त्याच्या आईला 'कोच' म्हणायचे. तिला विचारायचे, आज मला खेळवणार का? आईने ते सगळं एकटीने केलं. ते गेले तेव्हा ती इतकी थकली होती की रडलीसुद्धा नाही. "माझ्या बायकोला मी कोच होऊ देणार नाही," तो छताकडे बघत म्हणाला. मला वाटलं, माणूस वडिलांच्या आठवणीने हळवा झालाय. मशीनची वीस मिनिटं संपली, मी पट्टे काढले.

पुढच्या गुरुवारी तो गेल्यावर पलंगाच्या कडेला तो काळा पट्टा राहिलेला दिसला. हाताच्या व्यायामासाठी त्याने काढला असावा. मी उचलला. वाचायचा नाही असं ठरवण्याइतका वेळही मिळाला नाही, अक्षरं समोरच होती.

गाडी तळघर दोन, निळा खांब.
मुलीला दोन वाजता, मागच्या गेटने.
फिजिओ मंगळ, गुरू. चष्मा, मिशी, भारतीय.
सहावी ब: नद्या झाल्या, वाळवंट राहिलं.

सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेली ओळ होती. तिची आई वारली. पुन्हा विचारू नकोस.

मी खुर्चीवर बसलो. 'पुन्हा' या शब्दाचा अर्थ कळायला जरा वेळ लागला.

मग मी जे केलं ते आमच्याकडे कुणीही केलं असतं. फाइल उघडली. जवळच्या नातेवाइकाचा नंबर लिहिलेला होता, तो लावला. बायकोने उचलला. मी म्हणालो, "मॅडम, सरांचा पट्टा इथे राहिलाय."

"कसला पट्टा?"

"मनगटावरचा. लिहिलेला."

"तो शुक्रवारच्या खेळासाठी आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "काय लिहिलंय त्यावर?"

घरच्या माणसाने विचारलं होतं. मी वाचून दाखवलं. गाडी, गेट, मी, नद्या. शेवटच्या ओळीपाशी थांबलो.

"अजून काही आहे का?" तिने विचारलं.

मी तीही वाचली.

मागे गाड्यांचा आवाज येत होता, ती कुठेतरी रस्त्यावर असावी. मग ती म्हणाली, "जानेवारीत गाडी चालवताना त्याने मला विचारलं होतं, तुझी आई कशी आहे. आमचं भांडण झालेलं होतं. मला वाटलं, मला लागावं म्हणून विचारतोय. मी चार दिवस बोलले नाही त्याच्याशी."

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण मी आवाज खाली केला, आमच्याकडे वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात करतात तसा, आणि म्हणालो, "विसरणं वाढलंय, मॅडम. मोठ्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना मात्र एवढ्यात काही बोलू नका. मनाला लावून घेतील."

फोन ठेवला तर दारात सिस्टर उभ्या. हातात औषधाचा ट्रे.

"कुणाला केलास रे फोन?"

मी सांगितलं.

"त्याला विचारून?"

"त्याला काय विचारायचं, सिस्टर? बायकोच आहे ना. घरची."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "तुमच्या गावाला पेशंट एक नि नातेवाईक टेम्पोभर. इथे तसं नाही, बाबा. आयडीवर ज्याचा फोटो, दुखणं त्याचं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "हे आत्ता लिहून काढ. काही लपवू नको. तूच जाऊन दे मॅनेजरला. दुसऱ्याकडून कळलं तर तुझं लायसन जाईल."

मी लिहिलं. मॅनेजरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, पेशंटने तक्रार केली नाही तर ताकीद देऊन भागेल. केली तर वर कळवावं लागेल. "इन्शाल्ला नाही करणार," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मंगळवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या फ्लॅटवर मी बायकोला सगळं सांगितलं. लायसन गेलं तर आठवड्याभरात गाशा गुंडाळावा लागेल, मुलीची शाळा अर्ध्यात सुटेल, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या बाईचं काय चाललं असेल आत्ता?" त्या दोघांचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही, पण माझ्या लायसनच्या नंतर आला होता. हे लिहायला बरं वाटत नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारी ते दोघंही आले. ती खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर. तो पलंगाच्या कडेला बसला. व्यायामासाठी शर्ट काढला नाही.

"तू तिला का सांगितलंस?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. सहावी ब मधल्या मुलाला विचारावं तसं विचारलं.

मी माफीचं वाक्य पाठ करून आलो होतो, ते बाजूलाच राहिलं. म्हणालो, "आमच्याकडे घरच्यांना आधी सांगतात."

"आणि पेशंटला?"

"बऱ्याचदा सांगतच नाहीत."

"म्हणजे सगळे मिळून त्याच्याशी खोटं बोलतात."

"त्याला धक्का बसू नये म्हणून."

"तुझ्या घरी झालंय असं?"

मी हे कतारमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं, त्या दिवशी त्या दोघांना सांगितलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांच्या पोटात दुखू लागलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं, कारण आमच्यात शिकलेला मीच. म्हणाले, यकृतात पसरलंय, थोडे महिने आहेत, पेशंटला सांगू नका. मला त्या वेळी जरा मोठं झाल्यासारखंही वाटलं होतं, डॉक्टर माझ्याशी बरोबरीने बोलले म्हणून. परत येताना बसमध्ये वडिलांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, गॅस झालाय. ते हसले. म्हणाले, एवढ्यासाठी दिवस मोडला. त्यांच्या बहिणीशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्या पावसाळ्यात एकदा आपणहून म्हणाले, तिच्याकडे जाऊन यायला पाहिजे. मग म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मी समोर बसलो होतो. दिवाळी त्यांना दिसणार नाही हे मला माहीत होतं, आणि मी म्हणालो, हो, दिवाळीनंतर जाऊ.

आत्या अंत्यविधीला आल्या होत्या.

 त्याच्या बायकोने पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

"आम्ही माझ्या वडिलांना सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टरांनी त्यांनाच सांगितलं, समोर बसवून. त्यांना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते विसरले. त्यांनी विचारलं, मला काय झालंय? आईने पुन्हा सांगितलं, त्यांना पुन्हा तेवढंच वाईट वाटलं. असं कितीतरी दिवस. मग एक दिवस आई म्हणाली, आता नाही सांगणार." तो थांबला. "त्यामुळे तुझ्या वडिलांच्या बाबतीत झालं ते बरोबर की माझ्या, हे मला माहीत नाही. पण ही गोष्ट माझी होती. मी जूनपर्यंत थांबणार होतो. मुलीची शेवटची परीक्षा झाली की हिला सांगणार होतो. पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं होतं."

"कुठे लिहून ठेवलं होतंस?" त्याची बायको म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. दोघंही हसली नाहीत, पण त्याचे खांदे जरा खाली आले. खांद्यांकडे बघायचं मला शिक्षणच आहे, म्हणून ते दिसलं.

"आणि मुलांना पोहायला नेत होतास तू," ती पुढे म्हणाली. "वीस मुलं. ती मोजायची असतात."

"मोजत होतो."

"कशी?"

त्याने डावी बाही खाली ओढली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी तक्रार लिहिणार आहे."

"लिहा," मी म्हणालो.

"तू केलंस ते चूक होतं."

"हो."

"तिला कळलं हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण तू केलंस ते चूक होतं."

"हो, सर."

त्याने मान हलवली आणि शर्टाची बटणं काढायला घेतली. उजवा हात आता खांद्याच्या वरपर्यंत जात होता. त्या दिवशी आम्ही सगळे व्यायाम केले. जाताना त्याने विचारलं, "गुरुवारी तीच वेळ?"

तक्रार त्याने खरोखर लिहिली, एक पान भरून. वर कळवलं गेलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि पेशंटच्या गोपनीयतेवर तीन दिवसांचा अभ्यासक्रम करावा लागला. लायसन राहिलं, कारण त्याच तक्रारीत खाली त्याने लिहिलं होतं की उर्वरित उपचार याच फिजिओकडून हवे आहेत. ते वाक्य मॅनेजरांनी मला वाचून दाखवलं. मी बाहेर आलो आणि हात धुवायच्या बेसिनपाशी उगाच नळ सोडून उभा राहिलो. अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र आलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आणखी एक डिग्री. गावात फ्लेक्स लावायला सांग."

मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्याच्या तपासण्या झाल्या. कागदावर काय आलं ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, जे त्याला वाटत होतं तेच. ते सांगताना तिथले डॉक्टर पहिल्या वाक्यानंतर त्याच्या बायकोकडे वळून बोलू लागले. तो म्हणाला, "मी इथे आहे." हे त्यानेच मला मशीन लावून पडलेला असताना सांगितलं. शाळेला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. पोहण्याचं काम त्याने स्वतः सोडलं. भूगोल शिकवत राहिला, वर्गात एक तरुण शिक्षिका सोबत असायची. वाळवंटाचा धडा झाला, असं एकदा आपणहून म्हणाला.

त्याची बायको कधी सोबत यायची, कधी नाही. आली तर बाहेर बसायची. एकदा मला तिने विचारलं, "आज बरे आहेत ना?" तोंडातून उत्तर निघालंच होतं. मी म्हणालो, "ते पाच मिनिटांत येतील, मॅडम." तिने माझ्याकडे बघितलं आणि मासिक उघडलं. मला फार उद्धटपणा केल्यासारखं वाटलं. आमच्या गावात कुणी असं बोललं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, शिकून माणूस बिघडला.

मेच्या एका शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, त्याने मला बागेत बोलावलं. दहा-बारा माणसं खेळत होती. ऑफिसवाले, एक पायलट, दोन फिलिपिनो भाऊ. क्वार्टरबॅक दुसराच कुणी होता. हा रेषेबाहेर पाटी धरून उभा होता. खेळ संपल्यावर त्याने चेंडू घेतला आणि पायलटला हाताने खूण केली. पायलट पळू लागला. चेंडू हळू, गोल गोल फिरत गेला, तिशीतल्या माणसाने फेकावा तितका लांब नाही, पण पायलटला हात फारसे हलवावे लागले नाहीत. तो खांदा माझ्या हातून बरा झाला होता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने माझ्याकडे न बघता खांदा एकदा फिरवून पाहिला.

जूनमध्ये मुलीची परीक्षा संपली. ते परत जायला निघाले, त्याची आई राहते त्या गावी. शेवटच्या गुरुवारी दोघंही आत आले. पुढे घरी करायचे व्यायाम मी एका कागदावर लिहून ठेवले होते, क्रमाने, शेजारी रेघांनी काढलेली चित्रं. मी कागद उचलला तसा त्याच्या बायकोने हात पुढे केला. तिचा हात पुढे येणं साहजिकच होतं. यापुढे कागद सांभाळायचा तिनेच.

मी कागद त्याला दिला.

तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. त्याने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. बराच वेळ लागला. बाहेर सिस्टर कुणाला तरी हिंदीत थांबायला सांगत होत्या. 

"तिसऱ्या व्यायामात तू डावा हात लिहिलायस," तो म्हणाला.

मी कागद परत घेऊन बघितला. खरंच लिहिलं होतं. मी 'डावा' खोडलं, वर 'उजवा' लिहिलं, शेजारी सही केली आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. त्याने सगळे व्यायाम पुन्हा पहिल्यापासून तपासले.